शेजारच्या फियाटवर जळणारी लाल गाडी

मी लाल गाडी बोलतेय. समुद्रकाठच्या सांडोर गावात लुईसच्या घरासमोर आंब्याखाली उभी असते ती. दोन दारं, दोनच माणसांची जागा आणि बसकी बांधणी. स्पोर्ट्‌स कार म्हणतात मला. हे आधीच सांगून ठेवते, कारण मी जिच्यावर जळले तिचं नाव ऐकून तुम्ही हसाल. ती म्हणजे शेजारच्या आलोशियस मास्तरांची फियाट. राखाडी रंगाची, बारा वर्षांची, मागच्या काचेत प्लास्टिकची फुलं ठेवलेली.

माझा जन्म जपानमधला. तिथून बोटीने बहारीनला गेले आणि एका काचेच्या खोलीत उभी राहिले. लुईस तिथे आठ वर्षं फिटर होता. रोज कामावरून परतताना तो काचेला नाक लावून मला बघायचा. एक्क्याऐंशी साली तो कायमचा घरी परतला तेव्हा त्याने मला बरोबर आणलं. घरात म्हातारं माणूस कुणी उरलं नव्हतं. बायको रिटा आणि धाकटी बहीण कार्मिन, एवढीच मंडळी.

आल्या आल्या लोकांनी सल्ले दिले. झाकून ठेव, सणासुदीला काढ. लुईस म्हणाला, "झाकून ठेवायला एवढ्या लांबून आणली काय? मी हिला रोज चालवणार."

मला तेव्हा काय आनंद झाला होता! रोज म्हणजे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं.

लुईसने वालीवला लहानसं वर्कशॉप काढलं. रोज सकाळी सांडोरहून निघायचं, रिटाला ऑफिसला जायच्या लोकलसाठी स्टेशनपाशी सोडायचं, रेल्वेच्या फाटकात अर्धा तास धूर खात उभं राहायचं आणि पलीकडच्या खड्ड्यांतून वालीव गाठायचं. माझं स्टिअरिंग बहारीनच्या रीतीने डाव्या बाजूला. पुढे एस.टी. असली की लुईसला समोरचं काही दिसायचं नाही. मग उजवीकडे बसलेली रिटा खिडकीतून मान बाहेर काढायची आणि सांगायची, "थांब, बैलगाडी येतेय. थांब. हां, जा आता." तिने जा म्हटल्याशिवाय तो कधी गेला नाही. ऑफिसात पोचेपर्यंत तिच्या केसांची पार दशा झालेली असायची.

माझी उस्तवार त्याने मनापासून केली, हे कबूल करायला हवं. रविवारी प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. कार्बोरेटर खोलून जुन्या चादरीवर मांडायचा. माझे सुटे भाग इथे कुठून मिळणार? फॅनचा पट्टा ॲम्बेसेडरचा बसवला, सायलेन्सर दगडांवर आपटू नये म्हणून खाली पत्र्याची ढाल ठोकली. पावसाळ्यात वायरींना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधायचा आणि माझे ओले गालिचे रिटा स्वयंपाकघरात दोरीवर वाळत घालायची. भाजीला वास लागतो म्हणून कुरकुरायची, पण घालायची.

आणि रोजची आंघोळ. बहारीनला त्याला कुणीतरी सांगितलं होतं, खाऱ्या हवेत गाडी रोज धुवावी, नाहीतर गंजते. लुईसने ते मनावर घेतलं. संध्याकाळी घरी आला की वाडीतल्या विहिरीवरचा पंप सुरू करायचा आणि पाईप धरून मला टपापासून पोटाखालपर्यंत धुवायचा. त्या विहिरीचा त्याला फार अभिमान. त्याच्या लहानपणी आळीत कुणी आजारी पडलं तर तिचं पाणी तांब्यातून न्यायचे म्हणे. आता घरात नळ आला होता, विहिरीचं पाणी कुणी तोंडात घेत नव्हतं. तरी रिटा एकदा म्हणाली, "या पाण्यात साबणाला फेसच येत नाही." लुईस म्हणाला, "साबण बदल." विहिरीबद्दल एक शब्द ऐकून घेत नसे तो.

कुंपणापलीकडे फियाटचं काय चाललेलं असायचं? झोप. आठवडाभर झोप. रविवारी मास्तर तिला मिस्साच्या प्रार्थनेला न्यायचे, चर्चपर्यंत जेमतेम दहा मिनिटं, आणि परत आणून सावलीत ठेवायचे. तिला ना खड्डे, ना फाटक. पाणी तर तिने कधी पाहिलंच नसेल. मास्तर जुन्या बनियनने तिला कोरडी पुसायचे, हळूहळू, मुलाचं नाक पुसावं तशी. शाळेत विज्ञान शिकवायचे ते. घरी मात्र त्यांना फियाटशिवाय दुसरा विषय नव्हता.

एवढंही मी सोसलं असतं. पण आळीत लग्न ठरलं की लोक मास्तरांच्या दारात. नवरी चर्चला जाणार ती फियाटमधूनच. मग फियाटला पांढऱ्या रिबिनी लागायच्या, पुढे बॅण्ड वाजायचा आणि ती बाई चालत्या माणसाच्या वेगाने मिरवत जायची. मी कोपऱ्यात वालीवचा चिखल अंगावर घेऊन उभी. माझा नुसता जळफळाट व्हायचा. शंभराच्या वर वेगाने धावू शकणारी मी, आणि मान कुणाला, तर त्या खोकणाऱ्या राखाडी डब्याला!

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात कार्मिनचं लग्न ठरलं. मास्तर आपणहून आले. "गाडी केव्हा आणू?" त्यांनी विचारलं.

कार्मिन लाजत म्हणाली, "मास्तर, रागावू नका. मी दादाच्या लाल गाडीतून जाणार. दादा चालवेल आणि मी शेजारी बसेन. दोघांचीच जागा हवी मला."

मास्तर हसले. पण जाताना माझ्याकडे असं बघून गेले की मला ते आवडलं. फार आवडलं.

त्या महिनाभरात माझी दुसरी कसलीच इच्छा नव्हती. एकदा, फक्त एकदा, नवरीला घेऊन चर्चच्या पायऱ्यांशी थांबायचं होतं. लुईस मला दिवसातून तीनदा धुवायला लागला. मला आतून जाणवत होतं की काहीतरी बिनसलंय. दारांच्या खालच्या कडांना फोड आले होते, गालिच्याखाली पापुद्रे सुटत होते. लुईस फोड घासून वर रंग मारायचा आणि पुन्हा धुवायचा. मास्तर व्हरांड्यात पेपर घेऊन बसलेले असायचे. एकदा उठून कुंपणापर्यंत आले, तोंड उघडलं, आणि तसेच मागे फिरले.

लग्नाचा दिवस उजाडला. माझ्या नाकापासून दोन्ही आरशांपर्यंत रिबिनी, मोगऱ्याच्या माळा. बॅण्डवाले रस्त्यावर तयार. कार्मिन पांढऱ्या झग्यात आली, उंच टाचांची चप्पल सावरत आत बसली आणि पाय खाली टेकला. कर्र असा आवाज झाला. माझ्या तळाचा पत्रा फाटला आणि तिचा पाय घोट्यापर्यंत खाली लटकला.

लुईसने धावत येऊन तिचा पाय हळूच सोडवला. झग्याला गंजाचा तपकिरी पट्टा लागला होता. बॅण्ड थांबला. कुणीतरी हसलं, मग कुणीच हसलं नाही. पाच मिनिटांत फियाट दारात आली. नव्या रिबिनी आणायलाही वेळ नव्हता. माझ्याच अंगावरच्या सोडून तिला बांधल्या. मी बघत राहिले. मला डोळे नसते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लुईस माझ्याखाली पाठीवर पडून पत्रा चाचपत होता. मास्तर आले.

"लुईस, तू हिला कुठलं पाणी घालतोस?"

"आपल्या विहिरीचं. दुसरं कुठलं?"

मास्तरांनी पायरीवरची विहिरीच्या पाण्याने भरलेली बादली त्याच्यापुढे सरकवली. "एक घोट पी."

"त्यात काय प्यायचंय? लहानपणापासून प्यालोय की."

"पी तर खरं."

लुईसने बाहेर येऊन ओंजळ भरली. घोट घेतला आणि तोंडात धरून तसाच उभा राहिला. थुंकला नाही. मोठ्या कष्टाने गिळला.

"मचूळ," तो म्हणाला.

"तू तिकडे होतास तेव्हाच विहीर खारट झाली. सगळीकडे पंप बसले, गोडं पाणी उपसलं गेलं, समुद्राचं आत आलं. माझीही विहीर तशीच. मी शाळेत पाणी आटवून मुलांना दाखवलं होतं, बशीत मीठ उरलं. म्हणून तर मी गाडीला पाणी लावत नाही."

"मग तीन वर्षं मला का नाही सांगितलंत?"

मास्तरांनी बादली उचलून पुन्हा पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "तुझी गाडी आली आणि लग्नं सोडली तर माझ्या गाडीकडे कुणी वळून बघेना. रोज ठरवायचो सांगायचं. मग कार्मिनने माझी गाडी नको म्हटली. वाटलं, गंजू दे."

रिटा दारात उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, काल पोरीचा पाय कापला असता."

"हो," मास्तर म्हणाले, आणि मान खाली घालून गेले.

मला काय वाटलं, सांगू? मी जिच्यावर जळत होते तिचा मालक माझ्यावर जळत होता, हे ऐकून मला बरं वाटलं. पोटातून गंजलेली असूनही.

लुईस भांडला नाही. त्याने वालीवला माझा तळ कापून नवा पत्रा जोडला. आज शहाऐंशी साल चालू आहे आणि मी अजून रोज वालीवला जाते. माझी चाल जड झालीये, उजवं दार आतून उघडत नाही. आताशा मास्तर रोज नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या कुंपणापाशी आणून ठेवतात. लुईस त्या उचलतो. दोघं अजून फारसं बोलत नाहीत.

आता जे सांगायला मी तोंड उघडलं ते सांगते. फियाटच्या मागच्या डाव्या टायरला आतल्या बाजूने चीर गेलीये. उभं राहून राहून रबर सुकलंय. मास्तर पुसतात ती बाहेरची बाजू, आतली त्यांना दिसत नाही. कुंपणाखालून मला दिसते. तीन आठवडे झाले. परवा ती रिबिनी बांधून समोरून गेली तेव्हा माझ्या मनात आलं, फुटू दे. अगदी असंच आलं. आत नवरी बसली होती, आणि तरी आलं.

म्हणून तुम्हाला सांगते. मला अजूनही ती आवडत नाही, आणि पुढेही आवडेलसं वाटत नाही. पण येत्या शनिवारी तिच्यात पुन्हा कुणाची तरी मुलगी बसणार आहे. सांडोरला आलात तर आलोशियस मास्तरांचं घर कुणीही दाखवील. मागचा डावा टायर, आतली बाजू. शनिवारच्या आधी सांगा.