आत गेलीस की वर बघ

सिंगापूरला सीझन नसतो. बारा महिने तेच ऊन आणि तोच घाम. त्यामुळे ‘ऑफ-सीझन’ हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, म्हणजे गर्दी कमी असणार, बाकी काय. तळ्यातल्या बोटी सहा महिने झोपी जातात, खाणावळी दाराला पाटी लावून गायब होतात, बसचं वेळापत्रकच बदलतं, हे विषुववृत्तावर वाढलेल्या मुलीला कळणार कसं? आधीच सांगून ठेवते, कारण त्या दिवसाची सगळी आखणी माझी होती.

सिंगापूरच्या हौगांग भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आईच्या कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडरचं एक पान चिकटवलेलं आहे. डोंगर, हिरवट तळं आणि काठावर कांद्यासारख्या घुमटाचं पांढरं चर्च. आम्ही दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा ते पान आईच्या पर्समधून आलं. ते तिला लेनीबाईंनी दिलेलं. लेनीबाई म्हणजे पुण्यात आईला जर्मन शिकवणाऱ्या बाई. मूळच्या ऑस्ट्रियातल्या, त्या पानावरच्याच गावातल्या, पण तरुणपणी पुण्यात आल्या आणि कायमच्या राहिल्या. सुती साड्या नेसायच्या, पोह्यांवर लिंबू पिळताना बिया बोटांत धरायच्या, आणि चिडल्या की त्यांच्या डोंगरातल्या बोलीत बोलायच्या. आई त्यांची लाडकी. लग्न होऊन सिंगापूरला निघताना ती भेटायला गेली, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “कधी गेलीस तर आत जा. आत गेलीस की वर बघ.”

वर काय आहे ते सांगितलं नाही. आईने पुढे पत्रातून विचारलं, तर उत्तर आलं की सांगितलं तर तू जाणार नाहीस. मी वर्षाची होते तेव्हा लेनीबाई गेल्या. आईचं जर्मनही हळूहळू त्या कपाटाच्या दारामागे गेलं.

मी मात्र शाळेत तिसरी भाषा म्हणून जर्मनच घेतली. गेल्या वर्षीपर्यंत मला फोनवरून पिझ्झा मागवायचीही भीती वाटायची. यंदा तोंडी परीक्षेत वर्गात पहिली आले आणि त्यानंतर मला कुणी गप्प बसवू शकलेलं नाही, असं बाबा म्हणतो. बाबा जुरोंग आयलंडवरच्या केमिकल कारखान्यात सेफ्टीत आहे, त्याला रजा मिळाली ती नोव्हेंबरात, आणि शाळेला सुट्टीही तेव्हाच लागते. आठ दिवसांत एक दिवस माझा, असं ठरलं. मी जाहीर केलं की आईला मी त्या चर्चमध्ये नेणार. छतावर काय आहे ते नेटवर शोधायला बसले, तर आईने लॅपटॉपच मिटला. वीस वर्षं थांबलेय, म्हणाली, आता तुझ्या गूगलकडून ऐकू?

तर तो शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान. साल्झबुर्गहून आगगाडी, मग एक बस, मग पहिलं गाव. तिथलं चर्च उघडं होतं आणि आत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. दुसऱ्या गावात तळं होतं, तळ्यात दोन बदकं होती, चर्चला कुलूप होतं आणि एकुलत्या एका खाणावळीच्या दारावर पाटी होती. मी ती मोठ्या ऐटीत वाचून दाखवली: बेट्रीब्सउरलाउब. म्हणजे खाणावळवाले सुट्टीवर गेलेत, आठ डिसेंबरला येतील.

“वा,” बाबा म्हणाला. “पाटी वाचून पोट भरलं.”

आईने पिशवीतून दिवाळीच्या चकल्या काढल्या. आम्ही बंद खाणावळीच्या बाकावर बसून त्या खाल्ल्या. वाटेत आई एकदाच जर्मन बोलली होती, बस ड्रायव्हरशी, आणि तिने शब्दाचं लिंग चुकवलं म्हणून मी लगेच तिचं ‘देअर’ सुधारून ‘दी’ केलं होतं. त्यानंतर ती तिकिटंसुद्धा मलाच काढायला सांगत होती.

इथून पुढे बोट होती. पंधरा मिनिटांत पलीकडे, कॅलेंडरवालं गाव. धक्क्यावर गेलो तर बोट होती, पण ताडपत्रीखाली बांधलेली. शेजारच्या फळ्यावर लिहिलं होतं की पुढची फेरी ईस्टरला. माझ्या फोनमध्ये वेळापत्रकाचा फोटो होता. नेटवरचा, कुणीतरी मे महिन्यात काढलेला.

मला रडू फुटणार होतं. पलीकडच्या काठावर तो पांढरा ठिपका दिसत होता, अगदी पानावरच्यासारखा. आई तिकडे बघत म्हणाली, लांबून दिसलं ना, पुष्कळ झालं गं, चला परत. तिने ते इतक्या सहज म्हटलं की मला कळलं, ती निघतानाच याची तयारी करून आली होती. ते मला सहन होईना. मी नकाशा उघडला. काठाने पायवाट, साडेचार किलोमीटर. पलीकडून शेवटची बस तीन पस्तीसला, आणि ती मात्र मी नोव्हेंबरच्या पानावर पुन्हा पुन्हा तपासली.

“चालायचं,” मी म्हटलं.

बाबाने तेवढ्यात बुटाची नाडी आवळली, म्हणजे त्याचं मत कळलं.

वाटेवर ओली पानं होती, आणि थंडी अशी की बोलताना तिघांच्या तोंडातून वाफ. बाबा प्रत्येक निसरड्या दगडाशी थांबून ‘होल्ड द रेलिंग’ म्हणत होता, जिथे रेलिंग नव्हतंच. आई पुढे चालत होती. आमच्या हौगांगच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर धापा टाकणारी आई इतक्या झपझप चालू शकते, हे मला नवीन होतं.

सव्वादोनला पोचलो. वीस-पंचवीस घरं, सगळ्यांच्या खिडक्यांची लाकडी झापं मिटलेली. रस्त्यावर एक मांजर. चर्चचं बाहेरचं दार उघडं होतं. आत जेमतेम चार माणसं मावतील असा देवडीसारखा भाग, आणि त्यापुढे लोखंडी जाळीचं दार. त्याला कुलूप.

जाळीतून बाकं दिसत होती, लांब कुठेतरी वेदीवरचं सोनेरी काहीतरी चमकत होतं. छत दिसत नव्हतं. आईने जाळीला गाल लावून मान वाकडी करून पाहिलं, मी गुडघ्यावर बसून पाहिलं. नाहीच. मी बाहेर पळत जाऊन तीन दारं वाजवली. कुणी उघडेना. परत आले तर आईने बूट काढून भिंतीशी नीट जोडून ठेवले होते, आणि ती मोज्यांवर त्या बर्फगार फरशीवर डोळे मिटून उभी होती. इथूनच नमस्कार करून निघायचा तिचा विचार असणार. बाबानेही बूट काढले. आणि मग त्याने ते केलं, जे तो देवासमोर गेला की न बघता, न विचार करता करतो. जाळीशेजारी भिंतीलगत वरून एक दोर लोंबत होता. त्याने एका हाताने तो ओढला.

आमच्या देवळातली घंटा एकदा टण्ण म्हणते आणि गप्प बसते. ही तशी नव्हती. ही वर मनोऱ्यात कुठेतरी जागी झाली, डोलली आणि डोलतच राहिली. घण. घण. घण. दोर बाबाच्या हातातून निसटून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. तळ्यावरून तो आवाज समोरच्या डोंगरापर्यंत जाऊन परत येत होता. बाबा दोर पकडायला उड्या मारत होता. बारा वर्षं हा माणूस लोकांना शिकवतोय की कारणाशिवाय कुठल्याही अलार्मला हात लावायचा नाही.

घंटा थांबली तेव्हा झापं उघडायला लागली. ज्या गावात मला तीन दारांवर कुणी ओ दिली नव्हती, त्या गावातून पंधरा-सोळा माणसं बाहेर आली. सगळी म्हातारी. कुणी स्लिपरमध्ये, कुणी अॅप्रन बांधलेलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर असं काही की बाबाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. सगळ्यांत पुढे काठी टेकत एक आजी, हातात वीतभर लांब किल्ली.

मी पुढे झाले. वाक्य तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. माफ करा, आम्ही पर्यटक आहोत, ही चूक झाली. आजीने माझ्याकडे पाहिलं आणि ती काहीतरी बोलली, आणि मला त्यातला एक शब्द कळला नाही. ती पुन्हा बोलली. मागचा म्हाताराही बोलला. हे जर्मन माझ्या पुस्तकात नव्हतं. मी नुसती उभी राहिले, पिझ्झाच्या फोनवर राहायचे तशी.

“जाई, सरक जरा,” आई म्हणाली.

ती मोज्यांवर पुढे आली. आणि तिला ते कळत होतं. लेनीबाई चिडल्या की जे बोलायच्या तेच हे. तिने आम्हाला पटकन सांगितलं की या घंटेला एरवी कुणी हात लावत नाही, गावात कुणी गेलं तरच ती वाजते, आणि या विचारताहेत, कोण गेलं? बाबा देवडीतल्या बाकावर जाऊन बसला.

मग आई त्यांच्याशी बोलली. तिची ‘देअर’, ‘दी’, ‘दास’ सगळी इकडची तिकडे झाली होती, मला प्रत्येक चूक ऐकू येत होती आणि समोरच्या एकालाही येत नव्हती. सगळे कान देऊन ऐकत होते. तिने सांगितलं, कुणी गेलं नाही हो. हा माझा नवरा. आमच्याकडे देवळात शिरताना घंटा वाजवतात. देवाला सांगायचं असतं, मी आलोय.

मग स्लिपरवाला म्हातारा हसायला लागला आणि त्याने बाबाकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं. आई म्हणाली, म्हणताहेत, देवालाच काय, पलीकडच्या गावालाही कळलं.

पण किल्लीवाली आजी हसली नाही. तिचं नाव रोझा. इतक्या लांबून इथेच का आलात, तिने विचारलं. आईने पर्समधून ते पान काढलं. लेनीचं नाव घेतलं. रोझाने पान डोळ्यांजवळ नेलं, आणि मग आईकडे पाहत तिने एवढंच विचारलं, “लेनी कशी आहे?”

आईने नुसती मान हलवली. चौदा वर्षं झाली, असं शेवटी म्हणाली. इथे कळवायला पुण्यात कुणाकडे पत्ताच नव्हता.

रोझाने पान आईला परत दिलं. मग वळून तिने बाहेरच्या सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगितलं. तेवढं मलाही समजलं, कारण वाक्य फार लहान होतं.

“घंटा लेनीची आहे.”

माणसांनी टोप्या काढल्या. बाबा बाकावरून उठला आणि मोज्यांवर सरळ उभा राहिला.

मग रोझाने कुलूप काढलं.

आई जाळीतून आत गेली, बाकांच्या मधोमध पोचली आणि तिने वर पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होते, म्हणून आधी मला तिचा चेहराच दिसला. तो आधी गोंधळला, मग तिने तोंडावर हात दाबला आणि ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

वर ढग होते, देवदूत होते, आणि एका कोपऱ्यात, चांगला मोठा, हत्ती होता. म्हणजे हत्तीच म्हणायचा. कान कोबीच्या पानांसारखे, सोंड तुतारीसारखी टोकाला फाकलेली, पाय गाईचे, आणि डोळे अगदी आमच्या शेजारच्या काकूंसारखे, सगळं माहीत असलेले. तीनशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने हत्ती कधी पाहिलेलाच नव्हता, रोझा सांगत होती आणि आई मराठीत करत होती. कुणीतरी सांगितलं की आशिया खंडात असा प्राणी असतो, आणि त्याने काढला. लेनी आणि ती एका बाकावर बसायच्या. लेनी प्रार्थनेला मान खाली घालायचीच नाही. फादरनी कितीदा कान धरला. मोठी झाले की हा खरा कसा असतो ते बघून येते, म्हणायची. गेली, ती आलीच नाही.

“आणि बाईंनी मला उलटं पाठवलं,” आई म्हणाली. ते मराठीत होतं, आमच्यासाठी.

बाबाने हत्तीला हात जोडले. घंटा या वेळी वाजवली नाही.

रोझाकडे चहा झाला. आम्ही शंकरपाळ्यांचा डबा तिथेच ठेवला. बाबाने घड्याळ बघून मला हळूच सांगितलं की पूर्ण गाव चार मिनिटांत जमलं, आमच्या कारखान्यातल्या फायर ड्रिलला सात लागतात. तीन तीसला आम्ही पळत बसथांब्यावर, आणि मागून रोझा काठी टेकत.

बस आली. आई पायरीवर चढली आणि रोझाचे दोन्ही हात धरून म्हणाली, “इश कोमं.” म्हणजे ‘मी येते’. घरातून निघताना आई ‘जाते’ कधीच म्हणत नाही, तेच तिने जसंच्या तसं जर्मनमध्ये टाकलं होतं. जर्मनमध्ये निघताना असं कुणी म्हणत नाही. त्याचा अर्थ, मी येणार आहे, एवढाच होतो.

माझ्या तोंडात दुरुस्ती तयार होती. मी ती गिळली.

“गुट,” रोझा म्हणाली. “कधी?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ईस्टरनंतर. तेव्हा बोट असते.