चालीवाचून पाठ पदं

आमच्या ह्यांना नाटकाच्या पदांची पुस्तकं जमवायचा भारी नाद. कंपनी देवासला येवो की धारला, खेळ संपला की नटाची सही घेऊनच घरी येत. मला कधी नेलं नाही. दुपारी वाचून वाचून पदं तेवढी पाठ झाली.

काल नायिकेचं काम करणारे नट जेवायला आले.

"वहिनी, आमचं एखादं पद म्हणा की."

"पाठ आहे, पण चाल कुठून आणू? पुस्तकात चाल म्हणून दुसऱ्याच पदाचं नाव छापता. तेही ऐकलेलं नाही."

त्यांनी सूर लावला, तोच हे म्हणाले, "घरात गाणं नको."

हात धुऊन त्यांनी नव्या पुस्तकावर लिहिलं, 'रसिक वहिनींस'. ह्यांनी शाई वाळू दिली, पुस्तक कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मी उष्टी काढायला घेतली.