रोज दोन वेळा

कंपाउंडरबाईंच्या हातून तीस वर्षांत एकाही बाटलीला चुकीची चिठ्ठी लागली नव्हती. डॉक्टर विसरायचे, पेशंट तर विसरायचेच, पण बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वर डोस तोंडी दोनदा सांगायच्या. एकदा कानासाठी, एकदा डोक्यासाठी.

पुढे दवाखाना बंद झाला, पण खोड जाते थोडीच! घराच्या अरुंद गॅलरीत बाईंनी सक्युलंटच्या, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या रोपांच्या, चाळीस कुंड्या वाढवल्या आणि प्रत्येकीला बाटलीसारखी चिठ्ठी डकवली: 'पंधरा दिवसांतून एकदा. सकाळी. पानांवर नको.' मातीत निम्मी जाड वाळू नि विटांचा चुरा, दुपारच्या उन्हाला हिरवी जाळी. बोट मातीत दोन पेरं खुपसायचं, कोरडं निघालं तरच पाणी. ऊन कडक पडलं की शहाणीसुरती माणसंही तांब्या भरून कुंड्यांकडे धावतात. त्यांना बाई सांगायच्या, "ही तहानेनं नाही मरत हो, लाडानं मरतात."

स्वतःबद्दल त्यांचं एकच वाक्य होतं, "मला काही लागत नाही." नवरा गेल्यावर पोराला वाढवताना ते तोंडात बसलं. पंख्याखालची जागा पोराला, नवी चादर पोराला; मला काही लागत नाही. ते खरं नव्हतं. पण घरातल्या सगळ्यांना फार सोयीचं होतं.

पोरानं नवं घर घेतलं. एका संध्याकाळी त्यानं घराचा नकाशा टेबलावर पसरला. सुनेनं बाल्कनीत पेन्सिलीनं चाळीस बारीक गोल काढले होते; सकाळचं ऊन कुठे येतं तेही बघून ठेवलं होतं. बाई हरखल्याच. सुनेचं बोट कागदावर फिरत होतं. ही आमची खोली, ही ह्यांच्या कामाची, इथे कपाट. बोट सगळं घर फिरून आलं.

"आणि मी कुठे? कपाटात?" बाईंनी हसत विचारलं.

पोरगा नकाशाची घडी घालू लागला.

"अगं आई, तिकडे तुझा जीव नाही रमायचा," पोरगा म्हणाला. "इथं सगळं तुझ्या सवयीचं आहे. आणि तूच म्हणतेस ना, मला काही लागत नाही म्हणून."

"कुंड्या मात्र द्याल ना, आई?" सून म्हणाली. "नाहीतर बाल्कनी अगदी ओकीबोकी दिसेल हो."

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. चाळीस कुंड्यांना मोजूनमापून जागा होती, आणि त्यांच्या एका खाटेला नव्हती. तोंडातून मात्र सवयीनं निघालं, "न्या की. मला काय करायच्यात?"

जुन्या चिठ्ठ्या उन्हानं विटल्या होत्या. सुनेनं नव्या मागितल्या. दुसऱ्या दिवशी बाई कात्री आणि खळ घेऊन बसल्या आणि चाळीस चिठ्ठ्यांवर एकच ओळ लिहिली: 'रोज दोन वेळा. भरपूर.' पहिल्या चिठ्ठीवर सवयीनं 'पंधरा' लिहिलं गेलं, ती फाडावी लागली. दहाव्या चिठ्ठीपर्यंत हात सरावला.

"आधी पंधरा दिवसांनी होतं ना?" सुनेनं विचारलं.

"ते इथलं. तिकडे ऊन जास्त."

सुनेनं मान डोलावली. कंपाउंडरबाईंच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार?

कुंड्या गेल्या. गॅलरीच्या फरशीवर चाळीस गोल डाग उरले. बाईंनी ते घासले, पण निघाले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात सुनेचा फोन आला. "आई, पानं कसली टम्म झालीत! नुसतं बघत राहावंसं वाटतं."

बाईंना पुढचं ठाऊक होतं. आधी पानं फुगतात, मग काचेसारखी होतात, आणि एक दिवस हात लावला की गळून पडतात. खाली मुळं कुजलेली असतात. अजून वेळ गेली नव्हती. पाणी थांबवून, रोपं उपटून सावलीत सुकवली, तर निम्मी तरी जगली असती. त्या रोपांनी काय घोडं मारलं होतं? बाईंनी मनाशी ठरवलं, पोरानं एकदा, फक्त एकदा विचारावं, आई, तू कशी आहेस? की सगळं सांगून टाकायचं.

पोरानं फोन घेतला. लिफ्टबद्दल बोलला, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलला. मग म्हणाला, "तू बरी आहेस ना? असणारच म्हणा. तुला काय लागतंय!"

विचारलंही त्यानं आणि उत्तरही त्यानंच देऊन टाकलं.

"हो रे," त्या म्हणाल्या. "मला काही लागत नाही. पाणी तेवढं चुकवू नका. रोज दोन वेळा."

आणि फोन ठेवण्याआधी, तीस वर्षांच्या सवयीनं, त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.