चिलटं पाळणारी बाटली

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची बाटली आहे. दूध मात्र माझ्यात फार दिवस राहिलं नाही. तोंडाचा टवका उडाला तेव्हा डेअरीने मला बाद केलं आणि एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाने उचललं. तिथे माझ्या पोटात केळं, गूळ आणि चायना ग्रास यांची खीर ओतत, आत चिलटं सोडत आणि वर कापसाचा बोळा बसवत. हो, पिकल्या केळ्यावर बसतात तीच चिलटं, तुम्ही हाताने हाकलता ती. हसा खुशाल. तुमच्या आधी बरेच जण हसून गेले आहेत.

चिलटांची नवी पिढी दोन आठवड्यांत येते. त्यामुळे आजा, आई आणि नातू हे तिघेही माझ्या काचेतून पाहता येतात. पांढऱ्या डोळ्यांच्या नराच्या मुली लाल डोळ्यांच्या निघतात. वाटतं, संपला तो पांढरा डोळा. मग त्या मुलींच्या काही मुलग्यांत तो पुन्हा उघडतो. या विद्येला आनुवंशशास्त्र म्हणतात आणि मी तिची पाटी होते.

डिलाईल रोडच्या चाळीतली बकुळा हे शिकायला आली. इंटरला मार्क कमी पडून तिची मेडिकलची जागा हुकली होती. बी.एस्सी. करून पुन्हा अर्ज करायचा, असं तिने ठरवलं होतं. मैत्रिणी सांगत, हाडांची नावं पाठ कर, चिलटांचे डोळे बघून कुणाचा ताप उतरला आहे? बकुळा ऐकून घेई आणि पुन्हा भिंगाला डोळा लावी.

मग तो जानेवारी आला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शहर पेटलं, गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, गिरण्यांना आणि कॉलेजला टाळं लागलं. खीर बदलली नाही तर चिलटं मरणार. म्हणून बकुळाने मला आणि माझ्या एका जोडीदारणीला पदराखाली घालून घरी नेलं. वाण ओळखू यावं म्हणून माझ्या गळ्यात लाल दोरा होता, तिच्या गळ्यात हिरवा. चाळीने आमचं स्वागत कसं केलं ते ऐका. शेजारची चंपामावशी दारात उभी राहून बकुळाच्या आईला म्हणाली, "कौसल्या, चुली थंड पडल्यो आणि तुझा चेडू चिलटांक गूळ भरवता?"

घर चालत होतं ते बकुळाचा थोरला भाऊ दत्ताराम याच्या पगारावर. तो गिरणीत साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा होता. इतकी वर्षं त्याने पांढरा लट्ठा विणला. दिवाळीनंतर त्याला रंगीत साड्यांच्या साच्यावर घातलं आणि घोटाळा सुरू झाला. पदराच्या लाल पट्ट्यात त्याने हिरव्या सुताची कांडी चढवली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. खात्याचा मुकादम असलेल्या शामराव जॉबरने वर कळवलं की हा मोर्चेवाला आहे, मुद्दाम माल नासवतो. गिरणी उघडली की चौकशी होणार होती. नोकरी गेली की बकुळाचं कॉलेजही जाणार होतं.

त्या दिवसांत बकुळाने दत्तारामला सांगितलं, लाल दोऱ्याची बाटली दे. त्याने हिरव्या दोऱ्याची दिली. तिने पुन्हा मागितली. त्याने थोडं थांबून तीच पुन्हा पुढे केली.  मग बकुळाने आईला विचारलं, तुझ्या माहेरी कुणाला रंगांचा घोळ व्हायचा का?

"माझ्या बापाशीक," कौसल्या म्हणाली. "तांबड्यो आणि हिरव्यो मिरच्यो एकाच टोपलेत तोडून आणी. गाव त्याका येडो म्हणा."

बकुळाने मला भावासमोर ठेवलं आणि पांढऱ्या डोळ्याची सगळी वाट समजावली. लाल-हिरवं वेगळं न दिसण्याचा आजोबांचा दोष आईत झाकला गेला, तुझ्यात उघडला. हा खोडसाळपणा नाही आणि वेडही नाही. मला वाटलं, आता दत्ताराम सुटकेचा श्वास टाकील.

तो म्हणाला, "गप बस. मोर्चेवाला म्हणून काढला तर चाळ हार घालील. आंधळा म्हणून काढला तर पोरगी कोण देईल? सोयरीक ठरत आली माझी."

"हार सुकला की काय खाशील?" बकुळा म्हणाली. "आजोबा येडा म्हणवून घेत मेले. तुलाही तेच हवंय?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला. चौकशीच्या सकाळी मात्र चप्पल घालून बहिणीसाठी दारात थांबला.

चौकशी गिरणीच्या दवाखान्यात होती; तिथे शामराव होता आणि डॉक्टर होते. डॉक्टरांनी दत्तारामकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली होती आणि नजर उत्तम असल्याचा शेरा दिला होता. बकुळाने मला टेबलावर ठेवताच ते हसले. मेडिकलला जायचंय ना, म्हणाले, आमच्या साऱ्या शिक्षणात चिलटाचं नाव कुणी काढलं नाही.

"नसेल काढलं," बकुळा म्हणाली. "पण साहेब, याच्या आईच्या बापाची चौकशी तुम्ही तरी केलीत का?"

शामरावने रागाने मूठभर कांड्या टेबलावर टाकल्या. दत्तारामने त्यांना हात लावला नाही. "यातली लाल कुठली ते मला दिसत नाही, शामराव," तो म्हणाला. "दुसऱ्या साचेवाल्यांना विचारायची लाज वाटली, म्हणून अंदाजाने चढवत गेलो."

नोकरी राहिली. त्याला पुन्हा लट्ठ्यावर घातलं, पगार उतरला, सोयरीक मोडली. हार कुणी घातला नाही.

बकुळा मेडिकलला गेली आणि मी तिच्याच खिडकीत राहिले. खोटं कशाला सांगू? पहिल्या वर्षी चिलटांचा तिला काडीचा उपयोग झाला नाही. हाडं पाठ केलेल्या मुली पुढे गेल्या. पण वॉर्डात पाय ठेवल्यावर बाकीचे रोग्याला फक्त काय दुखतं ते विचारत. बकुळा त्याच्या आजोळाचीही चौकशी करी. ती सवय तिला हाडांनी लावली नव्हती.

आता कॉलेजांत म्हणे ठराव होताहेत की डॉक्टर होणाऱ्यांना हा विषय कशाला? मित्रांनो, मला भंगारात घाला, मी रडणार नाही. पण नजरेच्या दोषाला खोड म्हणणारे आणि माणसाला येडा ठरवणारे अजून जागोजाग बसले आहेत. त्यांच्यासमोर उभं राहायचं तर ही विद्या जपा.

संयुक्त महाराष्ट्र मिळाला त्या वर्षी दत्तारामसाठी दुसरं स्थळ आलं. मुलीची आई आत कौसल्येकडे होती आणि वडील चहा घेत बसले होते. त्यांनी काही विचारायच्या आधी दत्ताराम म्हणाला, "मला लाल-हिरवं कळत नाही. माझ्या मुलग्यांची काळजी नको. मुलींच्या मुलग्यांना मात्र रंगीत साच्यावर घालण्याआधी तपासून घ्या."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. मग त्याने स्वतःच्या बायकोला हाक मारली आणि विचारलं, "अगो, तुझ्या माहेरी कोणाक असा काय होता गे?"