काचेच्या कपाटातला अकॉर्डियन

मित्रांनो, प्रार्थनागृहात शिरताच काचेच्या कपाटात जो जुना अकॉर्डियन दिसतो ना, तो मी. माझा भाता फाटला आहे, काही पट्ट्या कायमच्या मुक्या झाल्या आहेत. तरी लोक माझ्यापुढे थबकतात, माझे फोटो काढतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. एक परदेशी मिशनरी बाई मला पाठीवर घेऊन या गावात आल्या. त्यांना इथली भाषा धड येत नव्हती. सभेला कुणी जागा देईना. शेवटी इस्त्रीवाल्या मावशींनी आपलं दुकान उघडून दिलं. "गठ्ठे सरकवते, बसा दाटीवाटीनं," त्या म्हणाल्या. मूठभर माणसं, कोळशाची धग, ओलसर कपड्यांचा वास आणि माझे सूर! लोक मोठमोठ्यानं प्रार्थना करत, रडत, पवित्र आत्म्याच्या आनंदात अनोळखी भाषांत बोलू लागत. शेजारी फिदीफिदी हसत. मावशी मात्र दार लावून घेत नसत.

पुढे बाई आजारी पडून मायदेशी गेल्या. "आता गुंडाळा हे," सगळे म्हणाले. मावशींनी मला गळ्यात अडकवलं आणि अडखळत का होईना, वाजवायला शिकल्या. कपडे पोचवायला जात, तिथे कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की उशाशी बसून प्रार्थना करत. असं घराघरांतून प्रार्थनेला जमणाऱ्यांचं मंडळ वाढलं. दुकान पुरेना म्हणून गोदाम घेतलं, तेही अपुरं पडलं, तेव्हा हे मोठं प्रार्थनागृह उभं राहिलं. मावशींचा मुलगा मंडळाचा पाळक, म्हणजे धर्मगुरू झाला. नवा कीबोर्ड आला नि मी कपाटात गेलो. वर पाटी लागली, 'या वाद्याने मंडळाची सुरुवात झाली.' मावशींचा उल्लेखच नाही!

यंदा वर्धापनदिनाला त्या बाई काठी टेकत आल्या. पाळकांनी त्यांना माझ्यापुढे आणलं.

"आणि इस्त्रीचं दुकान?" बाईंनी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं. "तुझी आई कुठे?"

पाळकांचा चेहरा पडला. "ते दुकान... तात्पुरतं होतं. आई आत आहे, कामात."

माझ्या कपाटाशेजारच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत मावशी गायकांच्या झग्यांना इस्त्री करत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मुलगा बोलवायला गेला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तू हो पुढे. माझ्या हातांवर भाजल्याचे डाग आहेत रे. पाहुण्यांत तुलाच अवघडल्यासारखं होईल."

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते बोल जिव्हारी लागले. पाळक मान खाली घालून सगळ्यांसमोर आले. "हे मंडळ माझ्या आईनं जगवलं," ते कसेबसे म्हणाले. "इस्त्रीवालीचा मुलगा म्हणवून घ्यायची मला लाज वाटायची. आज माझीच मला लाज वाटते."

मावशी तरीही बाहेर आल्या नाहीत. मग बाईच आत गेल्या. दोघी कपड्यांच्या ढिगाशेजारी एकमेकींचे हात धरून कितीतरी वेळ बसल्या.

आता पाटी बदलली आहे. पण इतकी वर्षं दुसऱ्याचं कौतुक मी गुमान पदरात पाडून घेतलं, ही बोच जात नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहिली तरी चालेल. मला ना भूक लागते, ना कुणाच्या शब्दाची आस. पण तुमच्यासाठी जे माणूस मुकाट्यानं राबतं, त्याच्याजवळ आजच जाऊन बसा. चारचौघांत त्याला आपलं म्हणा.