माळ्याचं पुढे काय झालं

पान सात.

"थांब गो. कोणी बांधला त्याला?"

"माळ्यानं," शिल्पा म्हणाली. आश्रमशाळेच्या वाचनालयातून सुट्टीत तिने हे पुस्तक आणलं होतं आणि आईला वाचून दाखवत होती. उत्तरेकडच्या बर्फाळ रानातल्या एका कुत्र्याची गोष्ट. "घरचाच माणूस, आये. वळखीचा म्हणून कुत्र्यानं गळ्यात दोरी घालू दिली. मग त्यानं विकला."

आईच्या, भागीच्या हातातली झारी वाकडीच राहिली. पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं. जिते गावाजवळच्या या फार्महाऊसवर ती माळीकाम करते.

काल. (हे पुस्तकात नाही.)

नवे मालक कुत्र्याला घाबरतात, असं रखवालदार पोपट म्हणाला. "तुझ्याबिगर कोणाच्या हाताला लागत नाय त्यो. तूच बांध." भागीने हाक मारली. डांबर, फार्महाऊसवरचा काळा कुत्रा, शेपूट हलवत आला. मान पुढे केली. तिने मोळीला मारतात तशी गाठ मारली, ओढली की आवळणारी. त्याला घेऊन टेम्पो गेला.

पान अकरा. कुत्र्याला सोट्याने मारतात.

पान चाळीस. तो बर्फातून गाडी ओढतो.

"माळी कुठं हाय?"

"नाय इथं."

"पुढं बघ."

शिल्पाने शेवटपर्यंत पानं चाळली. "माळी परत येतच नाय, आये. कुत्र्याची गोष्ट हाय ती."

"माळ्याला कोणी इचारलं पण नाय?"

"नाय."

भागी पायरीवर बसली.

फाटकातून पोपट आला, हातात दोरीचा तुकडा. "खोपोलीच्या अलीकडं सोडला. कसली गाठ मारलीस गो, सुटंना. चावायला आला. मग कापली दोरी."

"गळ्यातली?"

"राह्यली. हातभर लोंबत हाय. कोण हात घालंल?"

हातभर दोरी. कुठल्याही झुडपात अडकेल. डांबर ओढेल. गाठ आवळेल. ती कशी आवळते हे भागीच्या बोटांना पाठ होतं.

"पुढचं वाचू?" शिल्पाने विचारलं.

भागीने पोपटच्या हातातला तुकडा घेतला, पान सातवर ठेवला आणि पुस्तक मिटलं. झारी नळाखाली उपडी घातली. कमरेला कोयती खोचून ती खोपोलीच्या रस्त्याला लागली.

पहिल्या वळणावर झुडपात काहीतरी काळं हललं. हाक तोंडाशी आली. कालचीच, जिच्यावर त्याने मान पुढे केली होती. भागीला ती मारता येईना.