जगात काही न घडलेली तारीख

आसाराम वाचायला शिकला तो वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आणि शिकवलं त्याला नातीनं. शिवकन्या बीडला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला होती. सुट्टीत धारूरजवळच्या गावी आली की म्हाताऱ्याला पाटी घेऊन समोर बसवायची. तीन सुट्ट्यांत आसाराम जोडाक्षरांपर्यंत पोचला. क्लास संपल्यावर तिनं आपलं एक जाडजूड पुस्तक त्याला देऊन टाकलं. त्यात वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक पान होतं, आणि त्या तारखेला जगात मागं काय काय घडलं ते त्या पानावर होतं.

तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फळा आसारामचा झाला. रोज सकाळी आंघोळ करून, टोपी चढवून तो खडूनं त्या दिवसाची हकिगत लिहायचा. गावानं पहिले आठ दिवस टवाळी केली. नंतर त्याच गावानं फळ्याचं पंचांग करून टाकलं. पंधरा मार्चला आसारामनं लिहिलं की, या दिवशी रोमच्या सत्ताधीशाला त्याच्याच माणसांनी भोसकलं. त्या दिवशी सोसायटीचा चेअरमन मीटिंगला गेलाच नाही.

आसारामला याची गंमत वाटायची. गंमत संपली ती शिवकन्येच्या लग्नात.

पोरगा होता नारायणगडाकडचा, अभिमन्यू. दोघं एकाच क्लासला होते आणि त्यांचं त्यांनी कधीच ठरवलं होतं; मोठ्यांना फक्त तारीख धरायची होती. अभिमन्यूचे वडील सुंदरराव चार माणसं घेऊन आले. भटजींनी पंधरा एप्रिल काढून दिली. चहा आला, सुपारी फुटायची तेवढी राहिली, आणि सुंदररावांनी सहज विचारलं, "आबा, पंधरा एप्रिलला जगात काय झालतं, हाय का तुमच्या पुस्तकात?"

भरल्या बैठकीत आसारामला आजवर कुणी 'वाचा' म्हटलं नव्हतं. 'अंगठा द्या' म्हणायचे. त्यानं धोतराला डोळे पुसले आणि पान उघडलं. आतल्या दारातून शिवकन्या दोन्ही हात हलवू लागली. नात कौतुक करतीय, असं समजून त्यानं आवाज आणखी चढवला.

"टायटॅनिक नावाची अवाढव्य बोट, बर्फाच्या डोंगराला धडकून, समुद्रात बुडाली. दीड हजार माणसं मेली." एकाही जोडाक्षराला न अडखळता त्यानं वाक्य संपवलं आणि शाबासकीसाठी वर बघितलं.

सुंदररावांनी तोंडाजवळ नेलेली बशी खाली ठेवली.

"ही तारीख न्हाई चालायची."

"आवो पाव्हणं, ती बोट व्हती," शिवकन्येचा बाप सुग्रीव म्हणाला. "आपल्याकडं एप्रिलात हिरीला पाणी ऱ्हात न्हाई. बुडायचं कशात?"

"बुडणं ते बुडणं. दुसरी काढा."

भटजींनी बारा एप्रिल काढली. आसारामनं हुरूप धरून वाचलं, त्या दिवशी माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला.

"म्हंजी घरदार सोडून गेला," सुंदरराव म्हणाले. "आणिक काय हाय?"

आणिक, अमेरिकेत भावाभावांत युद्ध पेटलं. सुंदररावांना दोन पोरं होती. ते नुसते सोबत आलेल्या थोरल्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

चार मेला टिपू सुलतान पडला होता. वीस मेला वास्को द गामा कालिकतला उतरला, म्हणजे परका माणूस घरात शिरला. एकोणतीस मेला तर एव्हरेस्ट सर झाला. यात काय वाईट, असं सगळ्यांनाच वाटलं. सुंदररावांनी बराच विचार केला. "चढला ते खरं. पन उतरावं लागलंच की. पोराचं तसं व्हायला नगं."

शेवटी सुग्रीव म्हणाला, "एक जून धरा. सगळं गाव एक जूनला जल्मलंय." ते खरं होतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिसेल त्याला तीच तारीख लावली होती. सुंदररावांच्या दाखल्यावरही तीच होती. आसारामनं पान उघडलं. नेपाळच्या राजवाड्यात गोळ्या चालल्या, राजाराणी गेले.

"आन् तेबी जेवनाच्या वक्ताला!" सुंदरराव उठलेच. चपला घालून ते चालूच लागले. इतकी वर्षं आपण कोणत्या दिवशी जन्मलोय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

पंधरा दिवसांत गोष्ट वाकड्या वाटेनं निघाली. जिच्या लग्नाला वर्षात एक धड दिवस सापडत नाही, ती पोरगीच कशी असेल, असं नारायणगडाकडं कुणीतरी बोललं. सुंदररावांनी गेवराईकडची दुसरी पोरगी बघायचं ठरवल्याचंही कानावर आलं.

शिवकन्या रडली नाही. तिनं पुस्तक आणून आजोबाच्या मांडीवर आदळलं. "आबा, तुमीच वाचलंत. आता तुमीच निस्तरा."

आसारामनं दोन दिवस पानं उलटली. जगात काही न घडलेला दिवस त्याला सापडेना. मग त्याच्या डोक्यात दुसरंच आलं. त्यानं अभिमन्यूला फोन लावून एक गोष्ट विचारून घेतली, पुस्तक पिशवीत घातलं आणि बीडची एसटी धरली, तिथून नारायणगडाकडची.

सुंदरराव ओसरीवर बसले होते. आत त्यांची बायको मंजुळाबाई भाकरी थापत होती.

"पाव्हणं," आसाराम म्हणाला, "तुमचं लगीन सव्वीस एप्रिलचं. खरं का न्हाई?"

"खरं. त्याचं काय?"

आसारामनं पान उघडलं. "सव्वीस एप्रिल. चेर्नोबिल इथल्या अणुवीज केंद्रात भीषण स्फोट. गावंच्या गावं उठली. आजबी तितं माणूस ऱ्हात न्हाई." त्यानं पुस्तक मिटलं. "इतका वंगाळ दिवस. आन् तुमचा संसार बगा! दोन पोरं, बागाईत, घरात लक्षुमी. मंग दिवसाला कावून भ्यायचं?"

युक्ती नामी होती. सुंदररावांनी आतल्या दाराकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, आणि तीस वर्षांचं कोडं सुटल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला.

"तरीच!" ते म्हणाले.

आतली भाकरीची थापथाप थांबली.

मंजुळाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. "तरीच म्हंजी काय वो?"

"काय न्हाई. आबा आपलं जगाचं सांगायलेत."

"मी समदं ऐकलंय. मी स्फोट का? गावं उठली का माज्यामुळं?" ती आसारामकडं वळली. "आबा, ह्यांच्या आईला सात वर्सं हातरुणात कुणी खाऊ घातलं, ते हाय का तुमच्या पुस्तकात? ह्ये निवडणुकीत पडले तवा आठ दिवस कडबा ठेवायच्या खोलीत लपून बसलते. ताट कोण नेऊन देत व्हतं, ते लिवलंय का?"

"न्हाई," आसाराम हळूच म्हणाला. "येवढं पान न्हाई त्यात."

"मंग ऐका. माज्या पोराचं लगीन सव्वीस एप्रिललाच व्हईल. सून हीच. आन् मंडपात सगळ्यांत म्होरं मी बसते. बगू कोण उडतंय."

सुंदररावांना नाही म्हणता येईना. नाही म्हणावं तर दिवस वाईट म्हणावा लागणार, आणि दिवस वाईट म्हटलं तर घरात राहता येणार नव्हतं.

सव्वीस एप्रिलला गावात बेचाळीस अंश ऊन होतं. सुंदरराव पहाटेच वऱ्हाडाच्या पुढं येऊन पोचले, आणि स्फोट विजेचाच असतो म्हणून त्यांनी मंडपाची लाइट तोडून टाकली. पंखे बंद, माईक बंद. जनरेटरवर ओली पोती टाकून ते दहा बादल्या पाणी भरून पहारा देत बसले. भटजींचा घसा बसला. नवरदेवाच्या बाशिंगाखालून घामाची धार लागली. तिसऱ्या मंगलाष्टकाला करवली चक्कर येऊन पडली, तशी पुढच्या खुर्चीवरून मंजुळाबाई उठली. ती तरातरा जनरेटरपाशी गेली, पोती काढून फेकली आणि ऑपरेटरला म्हणाली, "फिरीव रे."

सुंदरराव लिंबाच्या बुंध्यामागं जाऊन कानात बोटं घालून बसले.

जनरेटर दोनदा खोकला आणि चालू झाला. पंखे फिरले, माईक बोंबलला, अक्षता पडल्या. आगीसाठी भरून ठेवलेलं दहा बादल्या पाणी वऱ्हाडानं बघता बघता पिऊन टाकलं.

जेवणं उरकल्यावर सुंदरराव आसारामच्या शेजारी येऊन टेकले. समोर शिवकन्या आणि अभिमन्यू पाया पडत फिरत होते. सासरी निघायची तयारी चालली होती.

"आबा," सुंदरराव कानाशी लागले, "उद्या सत्यनारायण घातलाय. सत्तावीसला काय झालतं जगात? जरा वाचून सांगा की."

पुस्तक पिशवीतच होतं. आसारामनं नातीकडं बघितलं आणि पिशवी हळूच बुडाखाली सरकवली.

"मला कुठं वाचता येतंय, पाव्हणं," तो म्हणाला.

"आँ? मंग त्या दिवशी वाचलं ते?"

"ते आपलं अंदाजानं."